पन्नास हजार वेळा

फोशानच्या कारखान्यात एक यंत्र आहे.
त्याला दार आहे, दारामागे कपाट नाही.
ते दार दिवसरात्र उघडतं, मिटतं,
काचेमागचा आकडा एकेक पुढे सरकतो
आणि मी स्टुलावर बसून
बिजागरी कधी कुरकुरते याची वाट बघते.
याचा मला पगार मिळतो.

नागदेवी स्ट्रीटवर सगळ्यांना वाटतं, बाई चीन बघून आल्या.
भिंत पाहिली का, शेजारच्या दुकानातले मोईझभाई विचारतात.
भिंत नाही पाहिली, मोईझभाई.
स्टेशनवरचा गरम पाण्याचा नळ पाहिला,
त्याच्यापुढे थर्मास घेऊन उभी माणसं,
त्यांत मी, कोकमाची रिकामी बाटली घेऊन.
पाणी पडलं तशी बाटली कमरेत वाकली.
मागची आजी हसली,
थर्मासच्या झाकणात आपलं पाणी ओतून तिनं पुढे केलं.
चहा नाही, साखर नाही, नुसतं गरम पाणी,
तरी पाहुणचार झाल्यासारखं वाटलं.

आडनाव तळवडेकर. त्यांच्या जिभेवर मावेना.
मिस ता, म्हणाले. बरं, ता.
आठव्या दिवशी वेन नावाच्या पोरीनं सांगितलं,
ता म्हणजे आमच्यात 'ती'.
म्हणजे आठवडाभर मी जेवत होते, झोपत होते,
लॉट नापास करत होते, ती म्हणून.
ती आज लवकर उठली.
ती दुभाष्यावर उगाच चिडली.
तिला भाताबरोबर मेतकूट लागतं,
संपलेल्या पिशवीचे कोपरे तिनं चमच्यानं खरवडले.
इतक्या लांबून मी मला कधी पाहिलं नव्हतं.
बरी होती बाई.
थोडी घाईत.

वही नेली होती सोबत. पहिल्या पानावर:
पाचला उठणे. रोज वीस शब्द. फोन उशापासून लांब.
समोरचा बोलत असता मनात उत्तर न जुळवणे.
चौथ्या पानापासून वही बिघडली.
लिंबांचा भाव, हॉटेलकडे परतणारी बस,
स्क्रूच्या भोकातला अर्ध्या मिलिमीटरचा फरक,
आणि मध्येच: माई.
आवाज दबून वर आला तर विकत घेणे,
वरून कोसळला तर विकणे.
वेनला म्हटलं, आमच्याकडे तरी वेगळं कुठे,
विकत घ्या नाहीतर विका, मुळाशी तेच.
नीट सांगता आलं नाही. वेन मान डोलावत राहिली,
बहुतेक मनात उत्तर जुळवत.

एकेचाळीस हजार तीनशे बाराव्या खेपेला
बिजागरी बोलली.
बारीकच. उंदीर झोपेत बरळावा तशी.
म्हातारे लुओ यंत्राशी वाकले, कान लावला.
तेलाची बाटली त्यांच्या खिशात होती, मला दिसली.
मला दिसली हे त्यांना दिसलं.
हात खिशातून रिकामा बाहेर आला
आणि नापासाच्या कागदावर त्यांनीच शिक्का मारला.
मग मला स्टेशनवर सोडायला आले,
वाटेत एक भाजलं रताळं घेऊन अर्धं अर्धं केलं.
मोठं अर्धं मला.

आता घोडपदेवला, तिसऱ्या मजल्यावर,
मोरीचं दार अकरा वर्षं कुरकुरतंय.
नवरा म्हणतो, बाई दुनियेच्या बिजागऱ्या तपासतात.
खरं आहे.
उठते साडेसहाला. शब्द ऐंशीएक उरलेत,
त्यांतले निम्मे बिजागऱ्यांचेच.
दुकानात पाणी आलं की गरम मागते.
भिवा विचारतो, घसा बसला का बाई?
घसा नाही रे, सवय बसली.

आज मात्र पाचलाच जाग आली.
तेलाची बाटली घेऊन मोरीशी उभी राहिले,
दार एकदा उघडलं, मिटलं.
तोच आवाज.
आत मुलगी त्या आवाजावरून ओळखते, आई उठली,
कूस बदलते, पुन्हा झोपते.
बाटली फळीवर ठेवून दिली.

ती आत गेली, तोंड धुतलं,
पाणी तापत ठेवलं.